कोणती जिझेल आधी पाहावी: पीटर राइट यांची की अक्रम खान यांची?

लंडनला राहायला गेलेल्या किंवा चार दिवसांसाठी तिकडे निघालेल्या आपल्या माणसांकडून मला एक प्रश्न हमखास विचारला जातो: बॅले आजवर पाहिलेला नाही, एकदाच पाहायचा आहे, तर कोणता पाहू? मी ‘जिझेल’ असे उत्तर देते, आणि तेथूनच खरी अडचण सुरू होते, कारण त्या शहरात या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी रंगमंचावर येतात. रॉयल बॅले ही संस्था पीटर राइट यांनी १९८५ साली उभी केलेली पारंपरिक जिझेल अधूनमधून पुन्हा करते, तर इंग्लिश नॅशनल बॅलेकडे अक्रम खान यांनी २०१६ साली रचलेली नवी जिझेल आहे. शिवाय ही दुसरी संस्था मेरी स्कीपिंग यांची १९७१ सालची जुन्या वळणाची जिझेलही सांभाळून आहे, त्यामुळे तिकीट काढताना शीर्षकात अक्रम खान यांचे नाव आहे की नाही, हे नीट वाचून घ्यावे. नव्याच्या अपेक्षेने जाऊन जुने पाहणे किंवा त्याउलट होणे, यात संध्याकाळ वाया जात नाही, पण मन तयार नसते.

मूळ कृती २८ जून १८४१ रोजी पॅरिसच्या ऑपेरात प्रथम सादर झाली. संहिता तेओफिल गोतिये आणि व्हेर्नुआ द सँ-जॉर्ज यांची, संगीत आडोल्फ आदाम यांचे, नृत्यरचना जाँ कोराली आणि ज्यूल पेरो यांची, आणि नायिका कार्लोता ग्रिझी. पॅरिसने पुढे १८६८ नंतर ती बाजूला ठेवली आणि सेंट पीटर्सबर्गमध्ये नृत्यरचनाकार मारियुस पेतिपा यांच्या हाताखालून ती टिकली. आज जिला आपण ‘मूळ’ म्हणतो ती बरीचशी या रशियन हातांतून आलेली आहे. कथा थोडक्यात अशी: खेड्यातली जिझेल एका परक्या तरुणाच्या प्रेमात पडते, तो वेष पालटून आलेला उमराव आल्ब्रेख्त असतो आणि त्याचे लग्न आधीच बाथिल्डशी ठरलेले असते. जिझेलवर जीव असलेला हिलारियन हे बिंग फोडतो, तिचे भान सुटते आणि ती मरते. दुसऱ्या अंकात ती विलींच्या थव्यात सामील होते. प्रेमात फसवल्या गेलेल्या, लग्नाआधीच मेलेल्या मुलींची ही भुते पुरुषांना मरेपर्यंत नाचवतात, आणि राणी मिर्थाच्या हुकमापासून जिझेल आल्ब्रेख्तला पहाटेपर्यंत वाचवते.

राइट यांच्या प्रयोगात पाहण्याची पहिली गोष्ट अगदी लहान आहे आणि ती हुकली तर पुढचे निम्मे हुकते. पहिल्या अंकाच्या सुरुवातीला जिझेल एका फुलाची पाकळी पाकळी तोडत ‘आहे, नाही, आहे, नाही’ करत जाते, मध्येच उरलेल्या पाकळ्या डोळ्यांनी मोजते आणि शेवट ‘नाही’वर येणार हे ओळखून खचते. आल्ब्रेख्त ते फूल हातात घेतो, गुपचूप एक पाकळी काढून टाकतो आणि ‘आहे’ येते असे तिला दाखवतो. त्याचा सगळा स्वभाव त्या एका चोरट्या बोटात येतो. अंकाच्या शेवटी, भान सुटलेल्या अवस्थेत, ती जमिनीवर नसलेले फूल उचलून पुन्हा पाकळ्या तोडू लागते, आदाम यांचे तेच स्वर विस्कळीत होऊन परत येतात, आणि मघाशी ज्या हालचाली तिने उत्साहाने केल्या होत्या त्याच ती आता अर्धवट, चुकत, विसरत करते. राइट यांच्या मांडणीत ती आल्ब्रेख्तच्या तलवारीने स्वतःला संपवते. अनेक मांडण्यांमध्ये ती दुबळ्या हृदयामुळे मरते, पण मग तिचे थडगे गावाच्या दफनभूमीत न येता रानात का, हा प्रश्न उरतो, आणि राइट यांनी त्याचे उत्तर आत्महत्येत दिले आहे. मला हे पटते.

कथक, भरतनाट्यम किंवा निदान दशावतार पाहत वाढलेल्या प्रेक्षकाला या जुन्या जिझेलमध्ये एक गोष्ट आपोआप कळते, ती म्हणजे तिचा मूकाभिनय. डोक्यावर दोन्ही हात एकमेकांभोवती फिरवले की ‘नाच’, अनामिकेकडे बोट दाखवले की ‘लग्न’, मनगटे एकमेकांवर आडवी धरून मुठी खाली आणल्या की ‘मृत्यू’. जिझेलची आई याच खुणांनी विलींची दंतकथा सांगते, आणि हस्तमुद्रांची सवय असलेल्या माणसाला ते वाचायला मिनिटभरही लागत नाही. शेजारी बसलेले युरोपीय प्रेक्षक त्या वेळी कार्यक्रमपत्रिका चाळत असतात, हे मी पाहिलेले आहे.

दुसरा अंक मात्र अभिनयाचा नाही. पिंढरीपर्यंत येणाऱ्या घंटेसारख्या पांढऱ्या झग्यांतल्या मुलींच्या रांगा, नेपथ्यकार जॉन मॅकफार्लेन यांचे मोडक्या झाडांचे रान आणि मिर्थाचा प्रवेश: पायाच्या बोटांच्या टोकांवर इतकी बारीक पावले की झग्याखाली पाय चालत आहेत हे लक्षातच येऊ नये. मग विली दोन्ही बाजूंनी, एक पाय मागे ताणून, दुसऱ्यावर लहान लहान उड्या घेत समोरासमोर येतात आणि एकमेकींमधून आरपार निघून जातात. प्रेक्षागृहात येथे बहुधा टाळ्या पडतात. शांततेत ते पाहता आले असते तर मला अधिक आवडले असते, कारण त्या सगळ्या पावलांचा एकाच क्षणी जमिनीवर पडणारा दबका आवाज हाच या दृश्याचा ठेका आहे.

इतके सगळे असूनही राइट यांची जिझेल पूर्णपणे एका व्यक्तीवर उभी असते. गर्दी शिस्तीची, देखावे सुंदर, वाद्यवृंद चांगला, आणि जिझेल मध्यम, असे झाले तर संध्याकाळ नीटनेटकी जाते आणि घरी येईपर्यंत विसरते. म्हणून येथे नाटकाचे नव्हे, नर्तकीचे तिकीट काढायचे असते. ध्वनिचित्रमुद्रणांवरून हा फरक घरबसल्या तपासता येतो, कारण याच मांडणीची किमान तीन मुद्रणे उपलब्ध आहेत: अलिना कोजोकारू आणि योहान कोबोर्ग यांचे २००६चे, नतालिया ओसिपोवा आणि कार्लोस अकोस्ता यांचे २०१४चे, आणि मारियानेला नून्येझ आणि वादिम मुंतागिरोव्ह यांचे २०१६चे. पावले जवळजवळ तीच, तरी माणूस निराळा. कोजोकारू पहिल्यापासूनच थोडी दुखरी, जणू तिला शेवट ठाऊक आहे. ओसिपोवाच्या उड्यांना वजनच नाही, दुसऱ्या अंकात ती वाऱ्याने फेकल्यासारखी येते, आणि तिचे भान सुटणे पाहताना भीती वाटते. नून्येझचे नृत्य सगळ्यांत स्वच्छ, रेष कुठेही तुटत नाही, आणि तिचे क्षमा करणे खरे वाटते. पुरुषांपैकी मुंतागिरोव्ह माझ्या आवडीचा: मिर्थाच्या हुकमावरून एकाच जागी सरळ वर उडत हवेत पाय पुन्हा पुन्हा अदलाबदल करण्याचा जो भाग आहे, तेथे तो कसरत करतो आहे असे न वाटता दमतो आहे असे वाटते, आणि तेथे तेच हवे असते. नव्या माणसाने निवडायचे झाल्यास २०१६चे मुद्रण घ्यावे, धाडस असेल तर २०१४चे.

अक्रम खान यांच्या जिझेलकडे वळताना आपल्याकडच्या प्रेक्षकाचा एक गैरसमज आधी दूर करायला हवा. खान यांचा जन्म लंडनचा, आईवडील बांगलादेशातून आलेले, कथकची तालीम गुरू प्रताप पवार यांच्याकडे. हे वाचून बरेच जण घुंगरू, तत्कार आणि तिहाई यांच्या अपेक्षेने जातात आणि मध्यंतरात नाराज असतात. पुण्यात लहानपणी आठ वर्षे कथक शिकल्यामुळे मीही पहिल्यांदा तीच चूक केली, पहिला अर्धा तास फक्त ‘आपले’ काय दिसते ते शोधत बसले. कथक येथे पोशाखासारखे वरून घातलेले नाही. ते दिसते वजनात, म्हणजे पाय जमिनीला धरून ठेवण्यात, आणि वेगाने चाललेले हात समेवर यावे तसे एकदम थांबण्यात. बॅलेचे कलाकार जमिनीपासून सुटण्यासाठी आयुष्य घालवतात, आणि खान पहिल्या अंकभर त्यांना जमिनीकडे ओढतात. हा ताण ज्याला दिसला त्याला नवी जिझेल कळली.

येथे खेडे नाही, द्राक्षांचा सुगीचा सण नाही. बंद पडलेल्या कापड कारखान्यातले स्थलांतरित कामगार आहेत, आणि त्यांच्यापासून जमीनदारांना वेगळे करणारी, संपूर्ण रंगमंच अडवणारी एक प्रचंड भिंत आहे. टिम यिप यांनी रचलेली ही भिंत प्रसंगी आडवी फिरते आणि तिच्यातून भोंग्याच्या आवाजात मालक मंडळी अवतरतात, इतक्या जडशीळ पोशाखांत की त्यांना नाचता येऊच नये. त्यांचे न नाचणे हाच त्यांचा दर्जा आहे. जिझेल बाथिल्डचा झगा पाहते आणि त्यात तिला आपल्याच हातचे काम ओळखू येते. त्या दृश्यात तिची बोटे कापडाशी ज्या रीतीने थबकतात ते पाहावे, कारण जुन्या जिझेलमधल्या पाकळीचे काम येथे हा झगा करतो. तिचा मृत्यूही बदलला आहे. वरून हुकूम येतो, तिचीच माणसे तिच्याभोवती वर्तुळ करतात, वर्तुळ आवळते, आणि ते उघडते तेव्हा ती निष्प्राण पडलेली असते. जुन्यात तिला एका माणसाची फसवणूक मारते, येथे व्यवस्था मारते आणि शेजारी हातभार लावतात. २०१३ साली ढाक्याजवळ राना प्लाझा इमारत कोसळून अकराशेहून अधिक माणसे दगावली, त्यांत बहुतेक कपडे शिवणारे कामगार होते. पाहताना ते आठवल्यावाचून राहत नाही.

नव्या जिझेलचा दुसरा अंक मला पहिल्यापेक्षा सरस वाटतो. विली येथे कारखान्यात मेलेल्या कामगार स्त्रिया आहेत, विस्कटलेल्या केसांच्या, हातांत लांब काठ्या घेतलेल्या. पहिला अंक सपाट तळव्यांनी नाचला गेल्यावर बोटांच्या टोकांवरचे नृत्य या भुतांसाठी राखून ठेवले आहे, आणि ही कल्पना मला आजवर पाहिलेल्या कोणत्याही नव्या मांडणीतली सर्वांत शहाणी वाटते. १८४१ सालच्या प्रेक्षकाला टोकावर उभी राहिलेली बाई खरोखर अमानवी वाटली असेल. आपल्याला त्याची इतकी सवय झाली आहे की ते नुसते बॅलेचे चिन्ह उरले आहे, आणि खान ती भीती परत आणतात. मिर्था निश्चेष्ट जिझेलला ओढत आणते आणि ती हळूहळू टोकांवर उभी राहते, तेव्हा ते सौंदर्य नसते, शिक्षा असते.

उणेही आहेच. पहिला अंक गोष्ट सांगण्यात ढिसाळ आहे. मूळ कथा ठाऊक नसलेल्या माणसाला आल्ब्रेख्त कोण आणि हिलारियन कोण, हे पहिली वीस मिनिटे कळत नाही, आणि सारांश वाचून न गेल्यास अर्धा अंक अंदाजात जातो. प्रेमाला येथे फार कमी वेळ मिळतो, त्यामुळे दुसऱ्या अंकातल्या क्षमेला पाया कमी पडतो. हिलारियन मात्र जुन्यापेक्षा कितीतरी मोठा झाला आहे: दोन्ही बाजूंना माल आणि माणसे पुरवणारा दलाल. २०१७ साली लिव्हरपूलला चित्रित झालेल्या प्रयोगात तो जेफ्री सिरिओने केला आहे, आणि कोळ्यासारखे हातपाय पसरून चालणारा हा माणूस नायकापेक्षा जास्त लक्षात राहतो. त्याच चित्रीकरणात जिझेल तमारा रोहो आहे, जिने संस्थेची प्रमुख या नात्याने ही निर्मिती खान यांच्याकडून करवून घेतली. आल्ब्रेख्त जेम्स स्ट्रीटर, मिर्था स्टिना क्वागेबर. कोजोकारू हिनेही ही भूमिका केली आहे, म्हणजे दोन्ही जिझेल एकाच शरीरातून गेलेल्या आहेत. तरीही येथे कोणत्या संध्याकाळी कोण नाचते याने जुन्याइतका फरक पडत नाही, कारण गर्दी हीच नायिका आहे, आणि कळपासारखी धावणारी, हातमागासारखे हात चालवणारी ती गर्दी रोज तितकीच तयारीची असते.

संगीताबद्दल थोडेच. व्हिन्सेंझो लामान्या यांनी आदाम यांचे तुकडे घेऊन यंत्रांच्या घरघरीत मिसळले आहेत. आवाज मोठा आहे, छातीत जाणवणारा, लहान मुलांना आणि कानांचा त्रास असणाऱ्यांना नकोसा वाटेल. दुसऱ्या अंकातील युगुलनृत्याला व्हायोलाचे एकल वादन ज्याला हवे आहे त्याने राइट यांच्याकडेच जावे.

आसनांची निवड दोन्हीकडे उलट करावी. रॉयल बॅलेच्या कोव्हेंट गार्डन येथील नाट्यगृहात वरच्या मजल्यावरची मधली, तुलनेने स्वस्त जागा उत्तम, कारण विलींच्या रांगांची नक्षी वरूनच उलगडते. मात्र नालाच्या आकाराच्या त्या प्रेक्षागृहात कडेच्या जागा घेऊ नयेत, तेथून रंगमंचाचा एक कोपरा जातो आणि जिझेलचे थडगे नेमके कोपऱ्यात असते. खान यांच्या प्रयोगाला प्रकाश मुद्दाम मंद आहे, म्हणून शक्य तितके जवळ बसावे. पडद्यावर पाहणाऱ्यांचे गणित पुन्हा वेगळे: कॅमेरा राइट यांच्या रांगा मध्येच तोडतो, पण खान यांच्या अंधारातले चेहरे तो जवळ आणून देतो. भारतात बसून पाहायचे असेल तर या एका कारणासाठी मी नवी आधी सुचवेन.

प्रत्यक्ष प्रयोगाला जाणाऱ्याने मात्र आधी त्या दिवसाची कलाकारांची यादी उघडावी. नून्येझ किंवा ओसिपोवा यांच्या तोडीची नर्तकी असेल तर दुसरा विचार न करता राइट यांचे तिकीट काढावे. नावे अनोळखी असतील, बरोबर कंटाळणारा तरुण मुलगा असेल, किंवा पऱ्यांच्या पांढऱ्या झग्यांचे मनातून वावडे असेल, तर खान. बरोबर आई किंवा सासूबाई असतील तर बहुतेक वेळा राइट, कारण तेथे पडदा पडताना पहाट होते, जिझेल थडग्यात परतते आणि आल्ब्रेख्तच्या हाती एक फूल उरते. खान यांच्याकडे शेवटी फक्त भिंत असते आणि आल्ब्रेख्त तिच्या चुकीच्या बाजूला उभा असतो.