आंबेडाळ की दडपे पोहे?

न शिजवता करायच्या आपल्या पदार्थांत कल्पकतेला खरा वाव कुठे, असे विचारले तर चैत्रातील हळदीकुंकवाची आंबेडाळ आणि कोकणातील दडपे पोहे डोळ्यांसमोर येतात. आंबेडाळीचे सारे कौशल्य वाटण्यात आहे: 4-5 तास भिजलेली हरभऱ्याची डाळ पूर्ण निथळून, पाणी न घालता भरड वाटली, तरच किसलेल्या कैरीचा रस तिच्यात मुरतो, बारीक वाटली गेली तर चिकट गोळा होतो आणि तो मग कशानेही सुधारत नाही. कैरीच्या आंबटपणाप्रमाणे साखर-मीठ जुळवावे, एवढीच तिथली मोकळीक.

दडपे पोहे मात्र हात मोकळा सोडतात. पातळ पोहे ओले खोबरे, नारळाचे पाणी, कांदा आणि लिंबू यांच्या ओलाव्यात झाकून दडपून ठेवले की काकडी, कैरी, डाळिंबाचे दाणे असे पुष्कळ काही त्यांत सामावते. (पोहे हे आधीच भिजवून भाजलेल्या साळीचे असल्याने काटेकोर अर्थाने कच्ची ती डाळच.) फोडणी दोन्हींवर येते, डाळीवरची मात्र मी पूर्ण गार करूनच घालते. नवे काही करून पाहणाऱ्याने पोह्यांपासून सुरुवात करावी, तरी मला अधिक मोल त्या भरड डाळीचेच वाटते.