मोंमार्त्रच्या चौकातील फिरत्या चित्रकारांपासून सावध

पॅरिसमधील मोंमार्त्र टेकडीवर प्लास द्यु तेर्त्र नावाचा जो जुना चौक आहे, तेथे दोन प्रकारचे चित्रकार भेटतात. काही जण चौकाच्या मध्यभागी आपापल्या ठरलेल्या जागेवर इझल मांडून, समोर गिऱ्हाइकासाठी घडीची खुर्ची ठेवून बसलेले असतात; तर काही जण हातात फळी आणि कोळशाची कांडी घेऊन चौकाकडे येणाऱ्या गल्ल्यांच्या तोंडाशी उभे असतात. पहिल्यांकडे पॅरिस महापालिकेचा परवाना असतो, दुसऱ्यांकडे तो नसतो. नव्याने आलेल्या माणसाला हा फरक दिसत नाही, आणि आमच्या कुटुंबाकडून ९० युरो ज्या रीतीने उकळण्यात आले ती सगळी रीत याच न दिसणाऱ्या फरकावर उभी आहे. या उन्हाळ्यात जे कोणी आई-वडिलांना किंवा मुलांना घेऊन पॅरिसला जाणार असतील, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहीत आहे.

या चौकाची पत मोठी आहे, हे आधी लक्षात घेतले पाहिजे, कारण ठकांचे भांडवल तेच आहे. मोंमार्त्र हे मूळचे पॅरिसच्या वेशीबाहेरचे गाव. बाराव्या शतकात तेथे ख्रिस्ती साध्वींचा मठ स्थापन झाला, त्या मठाच्या हद्दीतील हा चौक १६३५ मध्ये लोकांना खुला झाला आणि १८६० मध्ये अख्खे गावच पॅरिसमध्ये सामील करण्यात आले. टेकडीवर राहणे स्वस्त असल्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी चित्रकारांनी येथे बिऱ्हाडे केली. पिकासो चौकापासून चालत जाण्याच्या अंतरावर बातो-लाव्हार या मोडकळीस आलेल्या इमारतीत राहून काम करीत असे, आणि मोरिस युत्रिलोने तर याच गल्ल्या पुन्हा पुन्हा रंगवल्या. त्या परंपरेच्या नावावर आज महापालिका चौकात सुमारे १४० जागा चित्रकारांना देते. एकेक जागा जेमतेम एक चौरस मीटरची असते आणि तीही दोघांत वाटून घ्यावी लागते. त्यासाठी वार्षिक शुल्क भरावे लागते आणि परवान्यासाठी वर्षानुवर्षे वाट पाहावी लागते. ज्या चौकात चित्र काढायला बसणे इतके अवघड आहे, त्याच चौकाच्या उंबरठ्यावर विनापरवाना माणूस तेच नाव वापरून बिनधास्त धंदा करतो, हे मला या प्रकरणातील पैशांपेक्षाही अधिक खटकले.

आम्ही चौघे होतो: मी, माझे यजमान, माझी अकरा वर्षांची मुलगी आणि सासूबाई. फ्युनिक्युलरने (टेकडीचा चढ चढणाऱ्या केबलच्या गाडीने) वर जाऊन साक्रे-कर हे पांढरेशुभ्र चर्च पाहिले आणि त्याच्या बाजूने सें-प्येर या त्याहून कितीतरी जुन्या चर्चजवळून चौकाकडे निघालो. चौकात एका भिंतीवर रेनो मोटार कंपनीच्या लुई रेनोच्या आठवणीची पाटी आहे. २४ डिसेंबर १८९८ रोजी त्याने स्वतः बनवलेली मोटार या चढावरून चौकापर्यंत आणली होती. यजमानांना मोटारींचे वेड असल्यामुळे ते पुढे जाऊन त्या पाटीचा फोटो काढण्यात गुंतले, मी त्यांच्याबरोबर होते, आणि आजी-नात आमच्या मागे पंधरा-वीस पावलांवर होत्या. अशा सुट्या पडलेल्या माणसांवरच या मंडळींची नजर असते, हे मला नंतर बराच वेळ एका कठड्याशी उभे राहून त्यांचे काम न्याहाळल्यावर समजले.

एक पन्नाशीचा, अंगावर रंगाचे डाग पडलेला कोट घातलेला गृहस्थ सासूबाईंच्या पुढ्यात येऊन "नमस्ते, इंडिया?" असे म्हणत उभा राहिला, आणि त्या होय-नाही म्हणायच्या आत त्याने कागदावर रेघा ओढायला सुरुवात केली. तो स्वतः उलटे चालत होता, त्यामुळे त्याला ओलांडून पुढे जाता येत नव्हते. साडी फार सुंदर आहे, चेहरा फार भारदस्त आहे, मी शिकाऊ आहे, मला सराव हवा आहे, पैसे नकोत, असे तो मोडक्या इंग्रजीत सांगत होता. इतक्यात त्याचा जोडीदार कोठून तरी आला आणि त्याने मुलीचे चित्र सुरू केले. मी मागे वळून पाहिले तेव्हा सासूबाई मला म्हणाल्या, "अगं, फुकट काढतोय म्हणतो, काढू दे की दोन मिनिटं." तोवर त्या दोघांनी गर्दीचा बहाणा करून त्यांना चौकाच्या तोंडापासून बाजूच्या अरुंद गल्लीत नेले होते, आणि आजीला व नातीला एकमेकींकडे पाठ करून उभे केले होते. चौकात बसणारे परवानाधारक चित्रकार या लोकांना पाहून आरडाओरडा करतात आणि पोलीसही तेथेच फिरतात, म्हणून चित्र नेहमी गल्लीत पुरे होते.

चित्र पुरे होताच भाषा बदलली. पैसे नकोत असे आपण म्हटलेच नव्हते, कागद महागाचा आहे, मोठ्या माणसाचे ८० आणि मुलीचे ६० युरो, दोन्ही मिळून १४०. सासूबाईंच्या हातात चित्राची गुंडाळी आधीच देण्यात आली होती, आणि ती परत करू लागल्यावर दोघांनीही हात मागे घेतले. वस्तू तुमच्या हातात आहे म्हणजे ती तुम्ही घेतली, हा त्यांचा मुद्दा. यजमान येईपर्यंत आवाज चढले होते. धमकी अशी कोणी दिली नाही, अंगाला हातही लावला नाही; फक्त वाट अडवून, गरीब कलाकाराचा अपमान, घरी उपाशी मुले, असे मोठमोठ्याने बोलणे चालू ठेवले, आणि मुलगी रडकुंडीला आली. भाव १४० वरून १००, मग ९० वर आला. यजमानांनी ५० ची नोट काढली तेव्हा ती हातातून जवळजवळ ओढून घेण्यात आली आणि उरलेले ४० मागण्यात आले. ते दिले, आणि क्षणात दोघेही गल्लीच्या वळणापलीकडे गेले.

चित्रे उघडून पाहिली. सासूबाईंच्या चित्रात कपाळावरचे कुंकू सोडले तर त्यांच्या चेहऱ्याशी जुळणारे काहीही नव्हते: बदामाच्या आकाराचे डोळे, सरळ निमुळते नाक, गालावर बोटाने फासलेली सावली. मुलीच्या चित्रातही तेच डोळे आणि तेच नाक होते, केवळ वेण्या जोडलेल्या. थोड्या वेळाने तोच गृहस्थ एका जपानी दिसणाऱ्या जोडप्यासमोर उभा असताना मी त्याच्या फळीवर डोकावले, तर तेथेही तोच चेहरा उमटत होता. हे लोक समोरच्याचे चित्र काढतच नाहीत. घोकून पाठ केलेला एक चेहरा ते दोन-तीन मिनिटांत उतरवतात आणि केस, चष्मा, टिकली असे एखादे चिन्ह वरून चिकटवतात. फळीवर लावलेली जी उत्तम नमुनाचित्रे पाहून विश्वास बसतो, ती चित्रे त्यांनीच काढलेली असतील असे मानायला काहीही आधार नाही. चेहऱ्याची बाह्यरेषा काळ्या कागदातून कात्रीने कापून देणारेही असेच फिरतात. तेथे तर एका मिनिटात काम संपते आणि वाद सुरू होतो.

चौकात बसलेल्या एका वयस्क चित्रकर्तीला आम्ही ही चित्रे दाखवली. तिने आपले परवान्याचे कार्ड काढून दाखवले, शेजारी लावलेल्या दराच्या पाटीकडे बोट केले आणि सांगितले की ही माणसे आमच्यापैकी नव्हेत. त्यांच्यामुळे बिथरलेला पाहुणा चौकात आला की खरा भाव ऐकूनही मान हलवून निघून जातो, असे ती चिडून म्हणाली. त्यामुळे "मोंमार्त्रला एवढे तर चालायचेच, वीस-तीस युरो देऊन मोकळे व्हा" हा जो सल्ला अनुभवी प्रवासी देतात, तो मला मुळीच पटत नाही; असे दिलेले वीस युरो त्या बाईंच्या पोटातून जातात. अर्थात चौकातले सगळेच काम उत्तम असते असेही नाही. बरेचसे चित्र ठरावीक साच्याचे असते. पण तेथे भाव आधी कळतो, आणि नको असेल तर खुर्चीवर न बसण्याची मोकळीक राहते.

कायदा पूर्णपणे पाहुण्याच्या बाजूचा आहे, आणि हे जागेवर ठाऊक असते तर बोलणे सोपे गेले असते. फ्रान्समध्ये सार्वजनिक जागेत परवान्याशिवाय विक्री करणे हा दंडसंहितेनुसार गुन्हा असून त्याला सहा महिने कैद आणि ३,७५० युरो दंड अशी शिक्षा सांगितलेली आहे. शिवाय युरोपीय संघाच्या २०११ च्या ग्राहक हक्कविषयक निर्देशानुसार, न मागता माथी मारलेल्या वस्तूचे किंवा सेवेचे पैसे ग्राहकाने देणे लागत नाही, आणि ग्राहक गप्प राहिला म्हणून त्याची संमती होती असेही धरता येत नाही. फळीवाल्यांना हे पक्के माहीत असते. पोलिसांचा क्रमांक १७ किंवा युरोपभर चालणारा ११२ फोनवर लावून तो पडदा त्यांना दाखवणे, गुंडाळी जमिनीवर ठेवणे आणि चौकाच्या मध्याकडे, जेथे परवानाधारक चित्रकार आणि उपाहारगृहांची माणसे आहेत तिकडे चालू लागणे, हा मार्ग त्या चित्रकर्तीनेच आम्हाला सांगितला.

सहल कंपन्यांबरोबर येणाऱ्या मंडळींना टेकडीवर मोजका मोकळा वेळ मिळतो आणि गट पांगतो. अशा वेळी ज्येष्ठांना आणि मुलांना एकटे मागे सोडू नये, आणि कोणी समोर उभे राहून रेघा ओढू लागल्यास हसून थांबण्याऐवजी तोंड फिरवून चालत राहावे. चेहरा दिसला नाही तर चित्राचे सोंगही पुढे रेटता येत नाही. साक्रे-करच्या पायथ्याच्या पायऱ्यांवर मनगटाला रंगीत दोरा बांधून पैसे मागणारे असतात, त्यांच्यासाठी हात खिशात ठेवणे पुरेसे आहे. चित्र खरोखरच हवे असेल तर सकाळी गर्दी कमी असताना चौकाच्या आत जावे, परवाना पाहावा, आणि कागदाचा आकार, कोळसा की रंग, चेहरे किती, एकूण युरो किती, हे सारे बसण्याआधी चित्रकाराच्याच कागदाच्या कोपऱ्यावर लिहून घ्यावे.