एका लाइनवर फॅक्स आणि आन्सरिंग मशीन : दिवाळीपासूनचा अनुभव

फॅक्स आणि आन्सरिंग मशीन (फोन उचलून निरोप टिपून ठेवणारे यंत्र) दोन्ही हवे असतील तर फोनची दुसरी लाइन घ्या, हा सल्ला मला दुकानदाराने दिला, त्याने पाठवलेल्या मेकॅनिकने दिला आणि शेवटी यंत्राच्या सेवा केंद्रानेही दिला; तिघांपैकी कोणाच्याही खिशातून त्या लाइनची अनामत किंवा दर दोन महिन्यांचे भाडे जाणार नव्हते. मी ती घेतली नाही. दिवाळीपासून एकाच लाइनवर फॅक्स आणि आन्सरिंग मशीन दोन्ही चालवली आणि २००७ चा पावसाळा तोंडावर येईपर्यंत लिहिण्याइतका अनुभव जमा झाला.

फॅक्स नेहमीचाच, थर्मल रोलचा आणि हँडसेट असलेला. आन्सरिंग मशीन डिजिटल असून मेहुण्याने अमेरिकेहून आणून दिलेले, म्हणजे फुकट. फक्त त्याचा १२० व्होल्टचा अडॅप्टर येथे निरुपयोगी असल्याने तेवढाच डीसी देणारा अडॅप्टर बाजारातून घ्यावा लागला. फलटणसारख्या तालुक्याच्या गावी जाहिरातींची एजन्सी चालवणाऱ्याला २००७ सालीही फॅक्स का लागायचा, हे शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. जाहीर नोटीस, निविदा, श्रद्धांजली, वाढदिवसाच्या शुभेच्छा हा सगळा मजकूर आमच्याकडे हाताने लिहून यायचा, आणि प्रत्येक वृत्तपत्राच्या संगणकातला मराठी फाँट तेव्हा निराळा असल्याने ई-मेलने पाठवलेली नोटीस तिकडे उघडली की अगम्य चिन्हांची रांग दिसायची. फॅक्सला फाँट लागत नाही. आन्सरिंग मशीन हवे, कारण मी निम्मा दिवस वसुलीसाठी बाहेर असतो, आणि ग्राहकांच्या वहीत, पावतीवर आणि बोर्डावर कार्यालयाचाच क्रमांक आहे.

मेकॅनिकने पहिल्या दिवशी रोझेटपाशी, म्हणजे लाइन येते त्या भिंतीवरच्या डबीपाशी, दोन तोंडांचा सॉकेट बसवून दोन्ही यंत्रे समांतर जोडली आणि सही घेऊन तो निघून गेला. या जोडणीत जे व्हायचे तेच झाले. फॅक्स ऑटोवर ठेवला तर फोन करणाऱ्या प्रत्येकाच्या कानात किंचाळी. मॅन्युअलवर ठेवला तर आन्सरिंग मशीन फोन उचलणार आणि फॅक्सला त्याचा पत्ताच नाही. संध्याकाळी येऊन निरोप ऐकावेत तर एकामागून एक तेच : अर्ध्या सेकंदाची 'टूं', तीन सेकंद शांतता, पुन्हा 'टूं'. पलीकडचा फॅक्स इकडच्या फॅक्सला हाका मारत होता आणि त्या हाका माझ्या निरोपांच्या यादीत जमा होत होत्या. तक्रार केल्यावर मेकॅनिक म्हणाला की दिवसा हे चालू ठेवा आणि रात्री ते. सेवा केंद्राच्या मते दोष लाइनमध्ये होता. लाइनमनने रिसीव्हर कानाला लावून टोन खणखणीत असल्याचे सांगितले आणि दोष यंत्रात असल्याचा निर्वाळा दिला. या वादात एका निविदेची मुदत गेली. त्या आठवड्यात हा अभिप्राय लिहिला असता तर दोन्ही यंत्रे भंगारात घालण्याची शिफारस केली असती.

वास्तविक उत्तर फॅक्सच्या पाठीमागेच होते. तेथे दोन सॉकेट असतात : एक लाइनचा आणि दुसरा 'ईएक्सटी' असे लिहिलेला, ज्यावर बहुधा प्लॅस्टिकचे टोपण असते आणि आमच्या मेकॅनिकने ते काढण्याची तसदी घेतली नव्हती. रोझेटमधून येणारी वायर एकट्या फॅक्सला द्यायची आणि आन्सरिंग मशीन या दुसऱ्या सॉकेटमध्ये लावायचे. मग फोन आन्सरिंग मशीनने उचलला तरी आवाज फॅक्समधूनच पुढे जातो, फॅक्स तो ऐकत राहतो, आणि ११०० हर्ट्झची ती 'टूं' ओळखू आली की आन्सरिंग मशीनला तोडून लाइन स्वतःकडे ओढून घेतो. फॅक्सच्या मेनूमध्ये 'बाहेरचे आन्सरिंग मशीन' अशा अर्थाचा पर्याय निवडावा लागतो, एवढेच. ज्यांनी ब्रॉडबँड घेतले आहे त्यांनी आधी स्प्लिटर (फोन आणि इंटरनेट वेगळे करणारी डबी), मग फॅक्स, मग आन्सरिंग मशीन असा क्रम ठेवावा. स्प्लिटरच्या आधीच फॅक्स लावला तर फॅक्सही बिघडतो आणि इंटरनेटही तुटते.

रिंगांचा हिशेब सोपा आहे. आन्सरिंग मशीन चार रिंगांच्या आत उचलेल असे ठेवावे, कारण पाठवणारा फॅक्स फार काळ वाट पाहत नाही. माझ्या यंत्रात 'टोल सेव्हर' नावाची एक सोय निघाली, जिच्याबद्दल मेहुण्याने चकार शब्द काढला नव्हता. नवा निरोप असेल तर यंत्र दुसऱ्या रिंगला उचलते, नसेल तर चौथ्या; म्हणजे बाहेरून आपल्याच क्रमांकावर फोन करावा आणि तिसरी रिंग ऐकू आली की ठेवून द्यावा. निरोप नाही हे कळले आणि कॉलचे पैसे लागलेच नाहीत. २००६ च्या वन इंडिया योजनेत एसटीडी मिनिटाला एक रुपयावर आली होती, तरी रुपया हा रुपयाच असतो. केवळ या सोयीसाठी मी यंत्राचे बरेच अपराध पोटात घातले आहेत.

पोटात न मावणारा अपराध एकच, आणि तो म्हणजे निवेदनाच्या सुरुवातीची शांतता. फॅक्सच्या माहितीपुस्तिकेत स्पष्ट सूचना आहे की आन्सरिंग मशीनवर स्वतःच्या आवाजात संदेश भरताना आरंभी पाच सेकंद काहीही बोलू नये आणि संपूर्ण संदेश वीस सेकंदांत आटोपावा. कारण पटण्यासारखे आहे : 'टूं' साडेतीन सेकंदांनी एकदा येते, त्यामुळे पाच सेकंदांच्या मोकळ्या जागेत ती एकदा तरी पूर्ण ऐकू येतेच, आणि आपण बोलत असलो तर आपल्याच आवाजाखाली ती दबते. पण ही सूचना लिहिणाऱ्याने आमच्या तालुक्यातल्या माणसाला फोनवर कधी ऐकलेले नसावे. फोन उचलल्याचा आवाज झाला आणि पलीकडून कोणी बोलले नाही, तर आमचा माणूस पहिल्या सेकंदाला 'हॅलो' म्हणतो, दुसऱ्याला आवाज चढवतो, तिसऱ्याला शेजारच्याला सांगतो की उचललाय पण बोलत नाही, आणि चौथ्याला फोन आपटतो. माझा संदेश पाचव्या सेकंदाला सुरू होत होता. एका ट्रॅक्टर-विक्रेत्याने तर बाजारात गाठून विचारले की बिल थकले म्हणून तुम्ही फोन उचलून गप्प बसता काय. वस्तुतः बिल त्याचे थकले होते.

मी शांतता दोन सेकंदांवर आणली, तेव्हा माणसे थांबू लागली आणि फॅक्स चुकू लागले. मग पुन्हा पाचवर नेली. बऱ्याच उलटसुलट प्रयोगांनंतर लक्षात आले की मोकळी जागा अगदी आरंभीच आहे की नाही याच्याशी फॅक्समधल्या 'टूं' ओळखणाऱ्या सर्किटला काही देणेघेणे नाही. ती सलग आणि पुरेशी असली म्हणजे झाले. म्हणून संदेश असा भरला : 'नमस्कार', आणि मग पाच सेकंद शांतता. यावर लोक 'नमस्कार नमस्कार, साहेब आहेत का?' असे म्हणून यंत्राशी गप्पा मारू लागले. आता संदेशाचा आरंभ 'नमस्कार, हे यंत्र आहे, जरा थांबा' असा आहे, त्यानंतर पाच सेकंद मोकळे, आणि मग उरलेला मजकूर. यंत्र म्हटल्यावर मनुष्य थांबतो. माझे पूर्वीचे मत असे होते की या जोडणीत एक तर माणसे गमवावी लागतात किंवा फॅक्स. ते मत मी मागे घेतो, मात्र माहितीपुस्तिकेत हे एक वाक्य छापायला कोणाचे काय जात होते, हा प्रश्न मागे घेत नाही.

उरलेल्या मजकुराचेही महत्त्व आहे. वृत्तपत्रांच्या कार्यालयातला फॅक्स स्वतः क्रमांक फिरवतो आणि 'टूं' देतो, पण आमचे ग्राहक झेरॉक्सच्या दुकानातून पाठवतात, आणि तेथला मुलगा हँडसेट उचलून हाताने क्रमांक लावतो, कोणी बोलले की 'फॅक्स टोन द्या' असे सांगतो आणि टोनची वाट पाहतो. त्याने स्टार्ट दाबेपर्यंत त्याच्या यंत्रातून काहीच आवाज निघत नाही, तेव्हा ओळखायचे तरी काय? 'फॅक्स टोन द्या' असे नम्रपणे सांगणारे कितीतरी निरोप मी संध्याकाळी ऐकलेले आहेत. म्हणून संदेशात शेवटी 'फॅक्स असेल तर आताच स्टार्ट दाबा, निरोप असेल तर आवाजानंतर सांगा' हे वाक्य घातले. घरात आतल्या खोलीत याच लाइनवर जुना फोन आहे, तो आईने उचलला आणि 'टूं' ऐकू आली तर दाबायचा, फॅक्स सुरू करणारा संकेतांक कागदावर लिहून फोनला चिकटवला आहे. तो दाबण्यासाठी फोन पल्सवर (टकटक पद्धतीवर) नव्हे तर टोनवर (सुरांच्या पद्धतीवर) असावा लागतो.

भारनियमनाचा विषय टाळता येत नाही. वीज गेली की फॅक्स मरतो, पण लाइन त्याच्यातून पुढे जात राहते, त्यामुळे आतला फोन वाजतो. ही व्यवस्था चांगली आहे. आन्सरिंग मशीनमध्ये संदेश जपण्यासाठी खालच्या बाजूला ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी लागते. ती उतरली तर वीज परत आल्यावर आपला संदेश पुसला जातो आणि त्याच्या जागी कारखान्यात भरलेला इंग्रजी संदेश वाजू लागतो. जानेवारीत असे झाले. काही दिवस माझ्या कार्यालयात फोन करणाऱ्यांना एक अमेरिकन बाई अत्यंत स्वच्छ उच्चारात निरोप ठेवण्याची विनंती करत होती, आणि एका सरपंचांनी क्रमांक बदलला असे समजून त्यांची जाहिरात दुसऱ्या एजंटाकडे दिली. बॅटरी दर तीन-चार महिन्यांनी बदलावी. हा खर्च मला मान्य नाही, पण करतो.

दुसरा बारीक दोष म्हणजे बोलणाऱ्याने फोन ठेवल्यावर यंत्राला ते कळत नाही. अमेरिकेत एक्स्चेंज त्या क्षणी लाइनचा प्रवाह पळभर तोडते आणि यंत्र त्यावरून समजते. आमच्याकडे एंगेज टोन येतो आणि यंत्र तो निरोप समजून भरत बसते. निरोपाची कमाल लांबी एका मिनिटावर आणल्यावर त्रास निम्मा झाला. पावसाळी हवेत लाइनवर खरखर आली की फॅक्सचा वेग आपोआप उतरतो आणि पान रेंगाळते, याला कोणत्याही जोडणीने उपाय नाही.

मात्र पाठवताना 'फाइन' हे बटण दाबावेच. साध्या प्रतीत उभ्या दिशेने मिलिमीटरला ३.८५ रेघा वाचल्या जातात, फाइनमध्ये ७.७, इंग्रजीला पहिली पुरते, पण आपले अनुस्वार आणि रफार त्यात गळतात, आणि श्रद्धांजलीच्या जाहिरातीत मृताचे नाव चुकले तर पैसे मिळत नाहीत. फाइनने वेळ जास्त जातो, बिल थोडे वाढते.

रोलबद्दल एवढेच की थर्मल कागदावरची अक्षरे काही महिन्यांत फिकी पडतात, म्हणून रिलीज ऑर्डर (जाहिरात छापण्याचा लेखी आदेश) आल्याबरोबर झेरॉक्स काढून फाइलला लावावी. यंत्र विकत आणल्यावर प्रत्येक फॅक्सनंतर एक रिपोर्ट छापण्याची सोय बहुधा चालूच असते आणि ती रोल खाते. मेनूमध्ये जाऊन तो रिपोर्ट फक्त फॅक्स अडला तरच छापावा असे ठेवावे. वृत्तपत्राने 'ऑर्डर मिळालीच नाही' असे म्हटल्यास पुरावा म्हणून यंत्राच्या आठवणीतली पाठवलेल्या फॅक्सची यादी हवी तेव्हा एका पानावर काढता येते, आणि मी ती महिनाअखेरीस काढतो.