गार्मिन, माय मॅप्स की ऑसमअँड: आपली ठिकाणं भरायची कशात?

तयार नकाशाला सोसायटीचं नाव माहीत असतं. पण टेम्पो आत सोडणारं गेट मागच्या गल्लीत आहे, दुपारी एक ते चार वॉचमन माल उतरवू देत नाही, गल्लीच्या तोंडाशी उंचीचा लोखंडी दांडा लावलाय, यातलं त्याला काहीच ठाऊक नसतं. ते आपल्यालाच भरावं लागतं. भरायचे तीन मार्ग खरोखर उपयोगाचे आहेत: गाडीच्या काचेला लावायचा गार्मिनचा स्वतंत्र नॅव्हिगेटर, गुगलचं माय मॅप्स (स्वतःच्या पिना टाकून नकाशा बनवायची सोय), आणि फोनवर इंटरनेटशिवाय चालणारी ऑसमअँड किंवा ऑरगॅनिक मॅप्ससारखी अ‍ॅप्स.

किमतीवर गेलं तर फोन जिंकतो, कारण तो खिशात असतोच. पण निवड करायची ती दोन वेगळ्याच प्रश्नांवर. ठिकाण शोधून तिकडे जायचंय, की जाता जाता ते जवळ आलं की यंत्रानं आपणहून सांगायला हवंय? आणि यादीत फेरबदल करणार कोण: एकच माणूस महिन्यातून एकदा, की चौघं जण रोज?

गार्मिन

गार्मिनमध्ये ठिकाणं दोन जागी राहतात आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. पडद्यावर बोट ठेवून सेव्ह केलेली ठिकाणं आवडत्या ठिकाणांत जातात. त्यांच्या संख्येला मॉडेलप्रमाणे मर्यादा असते, आणि पन्नासेक झाली की यादी वर-खाली करण्यातच सिग्नल सुटतो. पीओआय (म्हणजे नकाशावरचं आपल्या कामाचं ठिकाण) लोडर हा कंपनीचा मोफत प्रोग्राम (विंडोज आणि मॅक, दोन्हींवर चालतो) वापरून चढवलेली ठिकाणं वेगळ्या कप्प्यात राहतात. ती हजारोंनी मावतात, गटवार दिसतात आणि अंतरावरून इशाराही देतात. डिव्हाइस घ्यायचंच असेल तर ते या दुसऱ्या कप्प्यासाठी घ्यावं. नुसत्या आवडत्या ठिकाणांसाठी पैसे घालण्यात अर्थ नाही.

यादी साध्या सीएसव्ही फाइलमध्ये, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या मजकुराच्या फाइलमध्ये, लिहायची. एका ओळीत एक ठिकाण, चार रकाने: रेखांश, अक्षांश, नाव, टीप. उदाहरणार्थ, दादर स्टेशनजवळचा एक बिंदू असा:

७२.८४३६०,१९.०१८६०,दादर मागचं गेट,"गाळा ५, तळमजला, १ ते ४ बंद"

या एका ओळीत चुकायच्या चार जागा आहेत. पहिली म्हणजे क्रम. गुगल मॅप्सवर पिन दाबून धरली की वर आकडे येतात ते अक्षांश आधी, रेखांश नंतर. गार्मिनच्या सीएसव्हीला ते नेमके उलटे लागतात. तसेच्या तसे चिकटवले तर दादरचं गेट नॉर्वेच्या उत्तरेला, बेअर बेटाच्या दक्षिणेकडच्या समुद्रात जाऊन पडतं. गंमत अशी की पीओआय लोडर याबद्दल चकार शब्द काढत नाही. ७२.८ हा अक्षांश म्हणूनही वैध आकडा आहे, नव्वदच्या आतला. गुवाहाटीच्या (९१.७) यादीत हीच अदलाबदल झाली तर प्रोग्राम लगेच अडतो, मुंबईची मात्र बिनबोभाट पुढे जाते. नंतर डिव्हाइसमध्ये ठिकाणापुढे सुमारे ६,८०० किलोमीटर अंतर दिसलं, तर दुसरं काही तपासायच्या आधी क्रम पाहा.

दुसरी चूक स्वल्पविरामाची. 'गाळा ५, तळमजला' असं अवतरणचिन्हांशिवाय लिहिलं की प्रोग्रामला तिथे नवा रकाना सुरू झाल्यासारखा वाटतो. एक्सेल सीएसव्ही सेव्ह करताना अवतरणं आपोआप घालतं, नोटपॅडमध्ये ती हातानं घालावी लागतात. तिसरी चूक अंकांची. मराठी कीबोर्ड चालू राहिला आणि आकडे देवनागरीत पडले तर ते वाचले जात नाहीत. इथे वाचायच्या सोयीसाठी देवनागरी अंक दिलेत, फाइलमध्ये इंग्रजी अंकच टाका. चौथी, नावाची लिपी. ज्या मॉडेलमध्ये देवनागरी अक्षरं नाहीत तिथे नावाऐवजी चौकोन दिसतात, आणि एक्सेलमधून साध्या सीएसव्हीत सेव्ह केलं तर त्याआधीच सगळ्याची प्रश्नचिन्हं होऊन बसतात. म्हणून गार्मिनपुरती नावं रोमन लिपीत ठेवणं बरं. आणि हो, पहिल्या ओळीत रकान्यांची शीर्षकं नकोत.

एक फाइल म्हणजे एक गट. फाइलला 'सीएनजी पंप' नाव दिलंत तर डिव्हाइसवर गटही त्याच नावाचा दिसतो. शेजारी त्याच नावाचं २४ × २४ पिक्सेलचं बीएमपी चित्र ठेवलं की नकाशावर तेच चिन्ह येतं. सगळ्या फाइली एका फोल्डरमध्ये घालून पीओआय लोडर चालवायचा. तो त्यांची एक जीपीआय फाइल बनवून डिव्हाइसमध्ये टाकतो. पुढच्या वेळी चालवलात की ही फाइल नव्यानं लिहिली जाते. त्यामुळे आज फक्त नव्या दहा ठिकाणांची फाइल घेऊन बसलात तर जुनी तीनशे गेली म्हणून समजा. फोल्डरमध्ये दर वेळी सगळ्याच फाइली असायला हव्यात.

इशारे हवे असतील तर पीओआय लोडरमध्ये एक्सप्रेस पर्याय सोडून मॅन्युअल घ्या. तिथे प्रत्येक फाइलसाठी अंतर ठरवता येतं. एकक निवडताना मीटर आणि ताशी किलोमीटर घ्यायला विसरू नका. नावात '@६०' लिहिलं की साठच्या वर गेल्यावर इशारा मिळतो, पण एकक मैल राहिलं तर तो मिळेल ताशी ९६ किलोमीटरला.

अंतर किती ठेवावं? ताशी ३० किलोमीटर वेगात ३०० मीटर कापायला ३६ सेकंद लागतात. शहरातल्या गल्लीबोळांसाठी ते पुरे. ईस्टर्न एक्सप्रेस हायवेवर ताशी ८० नं जाताना तेच ३०० मीटर साडेतेरा सेकंदांत संपतात आणि तोवर लेन बदलायची संधी निघून गेलेली असते. तिथे ८०० मीटर ठेवा. पण लोअर परळमध्ये चाळीस गिऱ्हाइकांना ३०० मीटरचा इशारा लावलात तर डिव्हाइस अखंड टिणटिण करत राहील आणि चालक तिसऱ्या दिवशी आवाज बंद करून टाकेल. म्हणून दोन फाइली करा. एकीत नुसती शोधायची ठिकाणं, इशारा बंद. दुसरीत फक्त धोक्याच्या जागा: पावसाळ्यात तुंबणारा हिंदमाता, मिलन सबवे, अंधेरी सबवे, उंचीचे दांडे. इशारा या दुसऱ्या फाइललाच.

डिव्हाइस कॉम्प्युटरला जोडूनही प्रोग्रामला दिसत नसेल तर बहुतेक वेळा दोष केबलचा असतो. नुसतं चार्जिंग करणाऱ्या केबलमधून डेटा जात नाही.

माय मॅप्स

रोज बदलणाऱ्या यादीसाठी माय मॅप्सची सर दुसऱ्या कशालाच नाही. कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये नवा नकाशा उघडायचा, सीएसव्ही किंवा एक्सेल फाइल इम्पोर्ट करायची, अक्षांशाचा आणि रेखांशाचा रकाना कोणता ते सांगायचं, पिनवर दिसायच्या नावाचा रकाना निवडायचा, झालं. इथे पहिल्या ओळीत शीर्षकं लागतात, म्हणजे गार्मिनच्या नेमकं उलट. रकाने तुम्हीच दाखवून देता, त्यामुळे नॉर्वेची सहल टळते. एका थरात (लेयरमध्ये) २,००० ओळी आणि एका नकाशात दहा थर. छोट्या वितरकाला हे आयुष्यभर पुरेल.

अक्षांश-रेखांशांऐवजी पत्त्याचा रकाना देऊन पिना पाडायचा मोह होतो. तो मुंबईत टाळा. शिवाजीनगर इथे एकच नाही, आणि 'मशिदीमागे, तिसरी गल्ली' हे गुगलला कळत नाही. न कळलेला पत्ता तो नुसताच गाळत नाही, कधी कधी भलतीकडे पिन टाकून मोकळा होतो. अशी चूक सापडते ती गाडी तिथे पोचल्यावरच.

फोनवरचं माय मॅप्सचं स्वतंत्र अ‍ॅप २०२१ मध्ये बंद झालं. आता नकाशा दिसतो तो गुगल मॅप्समध्ये, सेव्ह केलेल्या नकाशांच्या यादीत. तो उघडून पिनवर बोट ठेवलं की नेहमीसारखी दिशा मिळते, ट्रॅफिकसकट, आणि संध्याकाळी सहाला वेस्टर्न एक्सप्रेस हायवेवर ट्रॅफिकची माहिती सोन्याच्या मोलाची. पण वरच्या सर्च पेटीत आपल्या पिनेचं नाव टाकून ती सापडेल अशी आशा धरू नका. नकाशाखालच्या यादीतून शोधावी लागते. चालकाला गुगल मॅप्समधून पिन सरकवताही येत नाही. त्यानं ऑफिसला फोन करायचा, ऑफिसनं ब्राउझरमध्ये बदलायचं. आणि हा थर इंटरनेटशिवाय उघडत नाही. तळघरातल्या पार्किंगमधून बाहेर पडेपर्यंत थांबावं लागतं.

वाटेत इशारा? इथे ती सोयच नाही. हिंदमाताची पिन कितीही लाल केलीत तरी ती तुम्हाला हाक मारणार नाही.

गुगल शीटवरून थर बनवला तरी शीटमध्ये नंतर केलेले बदल नकाशात आपोआप उतरत नाहीत. थराच्या मेनूतून पुन्हा इम्पोर्ट करावं लागतं. त्यात 'सगळं बदला' हा पर्याय घेतलात तर जुन्या-नव्यांची सरमिसळ होत नाही. शेअर करताना लिंक ज्याच्याकडे जाईल तो सगळं पाहू शकेल असा पर्याय असतो. टिपेच्या रकान्यात गिऱ्हाइकांचे फोन नंबर असतील तर तो घेऊ नका, चालकांचे ईमेल घालून द्या.

ऑसमअँड आणि ऑरगॅनिक मॅप्स

ऑसमअँडमध्ये महाराष्ट्राचा नकाशा एकदा उतरवला की पुढे नेट लागत नाही. ठिकाणं जीपीएक्स फाइलमधून (जीपीएसचे बिंदू आणि वाटा साठवायचा फाइल प्रकार) येतात. फाइल उघडली की अ‍ॅप विचारतं: आवडती ठिकाणं म्हणून घेऊ, की ट्रॅक (गेलेली वाट) म्हणून? घाईत ट्रॅक दाबलं तर ठिपके नकाशावर दिसतात, पण आवडत्या ठिकाणांत सापडत नाहीत, आणि मग 'इम्पोर्ट झालंच नाही' अशी ओरड होते.

नॅव्हिगेशनच्या आवाजी सूचनांमध्ये जवळच्या आवडत्या ठिकाणांची घोषणा करायची खूण असते. ती चालू केली की फोन गार्मिनसारखा बोलू लागतो. मात्र धोक्याच्या जागांना एक अंतर आणि बाकीच्यांना शून्य, अशी फाइलवार विभागणी गार्मिनइतकी सहज होत नाही. मोफत आवृत्तीत अँड्रॉइडवर सात नकाशे उतरवता येतात. नुसत्या महाराष्ट्राला एक पुरतो.

उणीव मोठी आहे: थेट ट्रॅफिक नाही. रिकाम्या रस्त्याच्या हिशोबानं दिलेली पोचायची वेळ मुंबईत दुपारनंतर फसवते. यावर एक तोडगा आहे. ठिकाणं ऑसमअँडमध्ये ठेवायची, निघताना बिंदू दाबून शेअरमधून गुगल मॅप्समध्ये उघडायचा आणि गुगलच्या वाटेनं जायचं. रस्ता चांगला मिळतो, इशारे मात्र गेले.

ऑरगॅनिक मॅप्स त्याहून साधं, जाहिराती नाहीत, केएमएल आणि जीपीएक्स या दोन्ही प्रकारच्या ठिकाणांच्या फाइली घेतं. शोधा आणि जा एवढंच काम असेल तर ते ऑसमअँडपेक्षा हातात लवकर बसतं.

उन्हाळ्यातली एक अडचण मात्र सगळ्याच फोनना आहे. काचेला लावलेला, चार्जिंगवर असलेला, पडदा पूर्ण उजळलेला फोन मे महिन्यात तापतो आणि चार्जिंग मंदावतं. दिवसभर फिरणाऱ्या गाडीसाठी फोन एसीच्या झोताजवळ लावा.

तिन्हींना सारखंच लागू

बिंदू इमारतीच्या मध्यावर ठेवू नका, गेटसमोरच्या रस्त्यावर ठेवा. यंत्र बिंदूला जवळचा रस्ता शोधतं, आणि इमारत रुळांच्या बाजूला असेल तर जवळचा रस्ता पलीकडचा निघू शकतो. नकाशावर चूक नखाएवढी दिसते, पण गाडीला पूर्वेतून पश्चिमेत जायला टिळक पुलाचा वळसा पडतो. दशांश चिन्हापुढे पाच अंक ठेवा: पाचवा अंक साधारण एक मीटरचा, चौथा अकरा मीटरचा. अकरा मीटरमध्ये पुढचं गेट आणि मागची गल्ली यांची सहज गल्लत होते.

उंची यातलं कोणीच पाहत नाही. जे. जे. उड्डाणपुलाखाली मोहम्मद अली रोडवर ठेवलेल्या बिंदूचा इशारा पुलावरून जाणाऱ्यालाही मिळणार. असा बिंदू पूल सुरू होण्याआधी, खालच्या रस्त्याचा फाटा जिथे आहे तिथे ठेवा आणि नावातच 'पुलाखालून' असं लिहा.

यंत्र कोणतंही घ्या, मूळ यादी एका शीटमध्ये स्वतःकडे ठेवा. अक्षांश, रेखांश, नाव, टीप आणि शेवटचं तपासल्याची तारीख, असे पाच रकाने. तिथून जीपीएसबॅबेल हा मोफत प्रोग्राम सीएसव्हीची जीपीएक्स, केएमएल, अगदी गार्मिनची जीपीआय फाइलही बनवून देतो. डिव्हाइसमध्येच सेव्ह केलेली ठिकाणं डिव्हाइस बिघडलं की त्याच्याबरोबर जातात.

मग घ्यायचं काय

दोन-तीन टेम्पो, गिऱ्हाइकं रोज नवी, यादी ऑफिसातून बदलणारी: माय मॅप्स, दुसरा विचार नको. स्कूल बस किंवा ठरलेल्या फेऱ्यांची गाडी, वर्षभर तेच थांबे, पण पावसाळ्यात इशारा हवाच: गार्मिन, दोन फाइलींसह. शहराबाहेर, घाटात नेट नसताना जाणारी टुरिस्ट गाडी: ऑसमअँड. फोन एकच असेल आणि त्यावर दिवसभर गिऱ्हाइकांचे कॉल येत असतील तर नकाशा त्याच फोनवर ठेवू नका. घरातला जुना अँड्रॉइड फोन सिमशिवायही ऑसमअँड नीट चालवतो, आणि गार्मिन विकत घ्यायच्या आधी महिनाभर तो वापरून पाहायला खर्च काहीच नाही.

पूर्ण यादी चढवायच्या आधी तीनच बिंदू घालून पाहा: एक घराजवळचा, एक रुळांच्या पलीकडचा, एक पुलाखालचा. घराजवळचा चुकला तर आकड्यांचा क्रम बिघडलाय, रुळांपलीकडचा चुकला तर बिंदू गेटवर नाही, आणि पुलाखालच्याचा इशारा पुलावर वाजला तर तो फाट्यापर्यंत मागे सरकवा.