प्रे ॲज यू गो : लोकलमध्ये करता येणारी प्रार्थना

ब्रिटनमधील येशूसंघीय (जेझुइट) धर्मगुरूंनी २००६ च्या उपवासकाळात, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांत, ‘प्रे ॲज यू गो’ ही ध्वनिरूप प्रार्थना सुरू केली, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर रोज कामावर जाणारा प्रवासी होता. त्या वेळी ती एमपी-थ्री यंत्रावर उतरवून ऐकावी लागे. आज तिचे मोबाइल ॲप आहे, ते विनामूल्य आहे आणि त्याचा खर्च देणग्यांवर चालतो. वसईहून सकाळी चर्चगेटकडे निघणाऱ्या आणि चर्चमधील रोजच्या मिस्सेला (उपासनेला) पोहोचू न शकणाऱ्या कॅथलिक माणसाला ते कितपत उपयोगी पडते, या एकाच कसोटीवर मी ते पाहिले आहे.

प्रार्थना दहा ते तेरा मिनिटांची असते. आरंभी घंटानाद होतो, मग एखादे गीत लागते. कधी फ्रान्समधील तेझे या ख्रिस्ती मठातील संथ, पुन्हा पुन्हा म्हटले जाणारे पद, कधी मठातील गायन, तर कधी आधुनिक भक्तिगीत. त्यानंतर बहुधा त्या दिवसाच्या उपासनेतीलच बायबलचा पाठ वाचला जातो, त्यावर दोन-तीन प्रश्न विचारले जातात, प्रत्येक प्रश्नानंतर थोडा विराम असतो, आणि मग तोच उतारा दुसऱ्यांदा वाचला जातो. शेवटी ऐकणाऱ्याने येशूशी स्वतःच्या शब्दांत बोलावे म्हणून जागा मोकळी ठेवलेली असते आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा या त्रैक्याच्या गौरवाने प्रार्थना संपते. ही रचना येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांच्या आध्यात्मिक साधनेतून आलेली आहे. प्रसंग डोळ्यांसमोर उभा करावा, त्यात आपण कुठे आहोत ते पाहावे आणि मित्र मित्राशी बोलतो तसे प्रभूशी बोलावे, ही त्यांची शिकवण सोळाव्या शतकातील आहे. नवे आहे ते तिला मिळालेले वाहन.

या रचनेतील सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे ते दुसरे वाचन. येशूने दृष्टी दिलेल्या आंधळ्या बार्तिमयाचा शुभवर्तमानातील प्रसंग आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत, आणि म्हणूनच पहिल्या वाचनात तो कानांवरून निघून जातो. मग प्रश्न येतो, ‘मी तुझ्यासाठी काय करावे अशी तुझी इच्छा आहे?’ हा प्रश्न येशूने बार्तिमयाला विचारलेला असला तरी विरामाच्या त्या काही क्षणांत तो आपल्यालाच विचारलेला असतो, आणि उत्तर पटकन सुचत नाही. त्यानंतर उतारा पुन्हा सुरू झाला की एरवी लक्षात न आलेले वाक्य ठळकपणे ऐकू येते : बोलावणे येताच बार्तिमयाने आपले वस्त्र टाकून दिले. रस्त्याच्या कडेला बसून भीक मागणाऱ्या माणसाजवळ त्या वस्त्राखेरीज दुसरे काय असणार, हा विचार नायगाव मागे पडून खाडीचा पूल येईपर्यंत मनातून जात नाही. रविवारच्या प्रवचनातून हे घडू शकते, नाही असे नाही. परंतु प्रवचनात धर्मगुरू अर्थ सांगतात, तर इथे अर्थापाशी पोहोचण्याचे काम ऐकणाऱ्यावर सोपवलेले आहे. मला हा फरक फार महत्त्वाचा वाटतो.

दैनंदिन प्रार्थनेशिवाय दिवसाअखेर करावयाचे आत्मपरीक्षण, श्वासाकडे लक्ष देत शांत होण्याचे पाठ आणि काही दिवस चालणाऱ्या साधनेच्या मालिकाही ॲपमध्ये आहेत. त्यांपैकी आत्मपरीक्षण अवश्य करून पाहावे. दिवसभरात कशाबद्दल कृतज्ञता वाटली आणि कुठे आपण देवापासून दूर सरकलो, हे त्यात इतक्या सौम्यपणे विचारले जाते की पापांची यादी करण्याची सवय जडलेल्या मनाला मोठा दिलासा मिळतो.

उणिवाही गंभीर आहेत. विराम थोडे लांब हवे होते. मन थाऱ्यावर येते न येते तोच निवेदकाचा आवाज सुरू होतो. बोगी खचाखच भरलेली असेल तर हळू आवाजातील ब्रिटिश इंग्रजी उच्चार नीट कळत नाहीत, आणि कळले तरी जी व्यक्ती देवाशी मराठीत किंवा वसईच्या कादोडी बोलीत बोलते तिला प्रत्येक प्रश्न आधी मनातल्या मनात आपल्या भाषेत आणावा लागतो. त्याहून खोल अडचण अशी की इथे सारे प्रश्न एकट्याला विचारलेले असतात. आपल्या गावांत मे महिन्यात क्रुसासमोर जमून प्रार्थना होते, तेव्हा आजारी शेजाऱ्याचे नाव घेतले जाते आणि प्रार्थना आटोपल्यावर कुणीतरी त्याच्या घरी जाऊनही येते. कानाला लावलेल्या यंत्राला शेजारी नसतो. म्हणून या ॲपला नव्या काळाचे चर्च म्हणणे मला मान्य नाही. ती चर्चला जोडून घ्यावी अशी एक चांगली शिस्त आहे, आणि एखाद्या युवक गटाने आठवडाभर तीच प्रार्थना ऐकून शनिवारी एकत्र बसून त्यावर बोलायचे ठरवले, तर तिचा एकटेपणा पुष्कळच कमी होईल.

पोर्तुगीज, स्पॅनिश, फ्रेंच, पोलिश या भाषांमध्ये अशाच धर्तीच्या दैनंदिन प्रार्थना तयार झाल्या आहेत. मराठीचा यावर हक्क अधिक जुना आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज येशूसंघीय १५७९ मध्ये गोव्यात आले आणि १६१६ मध्ये त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले. इथल्या माणसांच्या कानांना ओवी परिचित होती, म्हणून त्यांनी ख्रिस्ताची कथा ओवीत सांगितली. त्याच न्यायाने या प्रार्थनेचे मराठी रूप घडवायचे तर केवळ भाषांतर करून भागणार नाही. गीतांच्या जागी आपली भजने हवीत, वाचन वसईच्या आणि अहिल्यानगरच्या (पूर्वीच्या अहमदनगरच्या) आवाजांत हवे, विराम अधिक दीर्घ हवेत, आणि शेवटच्या संवादाआधी शेजाऱ्याचे नाव घेण्यासाठी अर्धा मिनिट राखून ठेवलेला हवा.