सर्व्हर नसलेल्या ऑफिसचं कॅलेंडर: शेअर केलेली फाइल, गूगल की रॅडिकेल?

पाच-सात जणांचं वकिलाचं ऑफिस आहे. सर्व्हर नाही, आयटीचा माणूस नाही, पण कोर्टाच्या तारखा आणि अशिलांच्या भेटी सगळ्यांना दिसायला हव्यात. खर्चाचं नंतर बघा. नोंदी किती जण करणार, हे आधी ठरवा.

एकटा क्लार्क लिहिणार आणि बाकीचे फक्त बघणार असतील, तर शेअर केलेल्या फोल्डरमधली एक आयसीएस फाइल (कॅलेंडरच्या नोंदी साठवणारी फाइल) पुरते. थंडरबर्ड या ईमेल-कॅलेंडर प्रोग्रॅममध्ये नवीन कॅलेंडर घेताना 'नेटवर्कवर' हा पर्याय निवडून त्या फाइलचा पत्ता द्या. क्लार्क सोडून सगळ्यांकडे 'फक्त वाचा'ची खूण करा आणि रिफ्रेश ३० मिनिटांऐवजी ५ मिनिटांवर आणा. ही खूण विसरलात तर घोळ होतो. आयसीएसमध्ये सगळ्या नोंदी एकाच फाइलमध्ये असतात आणि एक तारीख बदलली तरी अख्खी फाइल नव्याने लिहिली जाते. दोघांनी जवळपास एकाच वेळी बदल केले, तर दुसऱ्याची फाइल पहिल्याची नोंद पुसून टाकते. सूचना येईलच असं नाही. तारीख चुकल्यावरच कळतं.

ही फाइल सिंकथिंगने (मशीन-मशीनवरच्या फाइल सारख्या ठेवणारा प्रोग्रॅम) प्रत्येक मशीनवर ठेवली तरी दुखणं तेच. दोन्हीकडे बदल झाले की बाजूला 'सिंक-कॉन्फ्लिक्ट' नावाची दुसरी प्रत तयार होते, आणि दोन्ही जुळवणं तुमच्या माथी येतं. आउटलुकची पीएसटी (मेल आणि कॅलेंडर साठवणारी फाइल) नेटवर्कवर ठेवून वापरण्याचा विचार सोडाच: ती एका वेळी एकालाच उघडता येते, बिघडते, आणि मायक्रोसॉफ्टही त्याला आधार देत नाही.

लिहिणारे दोन किंवा जास्त असले, तर गूगल कॅलेंडर किंवा रॅडिकेल (ऑफिसातल्याच पीसीवर चालवायचा कॅलेंडर प्रोग्रॅम). दोन्हीकडे प्रत्येक नोंद वेगळी राहते, त्यामुळे एकाच्या बदलाने दुसऱ्याची नोंद जात नाही. एकाच नोंदीला दोघांनी हात लावला तर मात्र तपासून घ्यावं.

गूगलमध्ये कोणाचं खासगी कॅलेंडर शेअर करू नका. ऑफिसच्या नावाने खातं काढा, त्यात 'तारखा' असं स्वतंत्र कॅलेंडर करा आणि कॉम्प्युटरच्या ब्राउझरमधून एकेकाला जोडा. क्लार्कला बदल करण्याची परवानगी, ज्युनियरना फक्त तपशील बघण्याची. शेअरिंगचे अधिकार ऑफिसच्या खात्याबाहेर कोणालाच नकोत. नेहमीची चूक मोबाइलवर होते: नोंद करणाऱ्याच्या स्वतःच्या कॅलेंडरमध्ये ती पडते आणि इतरांना दिसत नाही. म्हणून नोंद करताना वरचं कॅलेंडरचं नाव बघायची सवय लावा. बाहेरचं आयसीएस कॅलेंडर लिंकने गूगलमध्ये आणलं, तर त्यातले बदल दिसायला १२ तासही लागू शकतात. उद्याच्या तारखेसाठी ते निरुपयोगी.

अशिलांची नावं बाहेरच्या कंपनीकडे जाऊ द्यायची नसतील, तर रॅडिकेल. काटेकोर बोलायचं तर हाही सर्व्हरच, पण पायथनवर चालणारा इतका छोटा की दिवसभर चालू असलेला एखादा जुना पीसी पुरतो. सुरुवातीला तो फक्त त्याच मशीनवरून जोडणी घेतो, म्हणून सेटिंगमध्ये बाहेरची जोडणी खुली करावी लागते. तीही प्रत्येकाला युजरनेम-पासवर्ड ठरवून दिल्यावरच. फायरवॉलमध्ये ५२३२ पोर्ट (रॅडिकेल जोडणी घेतो तो क्रमांक) उघडा, राउटरमध्ये त्या पीसीचा आयपी कायम करा आणि पीसीचं स्लीप बंद ठेवा. 'काल चालत होतं, आज जोडत नाही' या तक्रारीत आधी बदललेला आयपी आणि झोपलेला पीसी बघा. एचटीटीपीएस (जोडणी सांकेतिक करणारी सोय) लावलं नसेल, तर पासवर्ड वायफायवरून उघडा जातो. पाहुण्यांसाठी वेगळं वायफाय हवंच.

रॅडिकेल फोनला जोडताना आयफोनमध्ये कॅलडॅव्ह (कॅलेंडर जोडण्याची ठरलेली पद्धत) खातं थेट जोडता येतं, अँड्रॉइडला डॅव्हएक्स५ हे अॅप लागतं. कोर्टात बसून केलेली नोंद फोनमध्ये राहते आणि ऑफिसच्या वायफायवर आल्यावर पुढे जाते. तोवर ती ऑफिसला दिसत नाही, त्यामुळे दुपारी तारीख पडली की क्लार्कला फोन करावाच लागेल. ही अडचण रोजची असेल, तर गूगलच घ्या. रॅडिकेल घेतलंत, तर त्याचा डेटा फोल्डर आठवड्यातून एकदा पेनड्राइव्हवर काढून ठेवा.