दांडिया बाजारातील पुस्तकबांधणी आणि आशियाई फॉर्म्युला शर्यतींचे माझे दोन खंड

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारात एका जुन्या घराच्या तळमजल्यावर पुस्तकबांधणीचे दुकान आहे. त्याला फलक नाही. आशियातील एकआसनी मोटार शर्यतींविषयी वर्षानुवर्षे जमवलेली मासिकांची पाने, कात्रणे आणि निकालपत्रके मी गेल्या महिन्यात तेथे बांधायला दिली. काम मनासारखे झाले, म्हणून हा अभिप्राय.

गठ्ठा चाळून बांधणी करणाऱ्या काकांनी खंड किती करायचे, असे विचारले. मी चार म्हणालो, कारण नावे चार होती: फॉर्म्युला एशिया, 2003 पासूनची फॉर्म्युला बीएमडब्ल्यू एशिया, 2008 पासून तिचेच झालेले फॉर्म्युला बीएमडब्ल्यू पॅसिफिक, आणि 2011 व 2012 ची जेके रेसिंग एशिया सीरीज. त्यावर काकांनी विचारले, "गाडी बदलली, का नुसतं नाव?" उत्तर देताना माझीच चूक माझ्या ध्यानात आली. बीएमडब्ल्यूची ही स्पर्धा पुढे जेके टायर या भारतीय टायर कंपनीकडे गेली, तरी धावत होती ती मीगाल या फ्रेंच कंपनीने बांधलेली एफबी02 हीच गाडी, आणि तिला मोटरसायकलचेच 1,171 सीसीचे, 140 अश्वशक्तीचे इंजिन होते. तेव्हा खंड दोनच झाले, फॉर्म्युला एशियाचा पहिला आणि उरलेल्या तिन्ही नावांचा दुसरा, आणि मला वाटते या स्पर्धेचा इतिहास असाच, नावाऐवजी गाडीनुसार, लावायला हवा.

पहिल्या खंडात नारायण कार्तिकेयनचे 1996 चे आणि करुण चंडोकचे 2001 चे विजेतेपद आहे. दोघेही पुढे फॉर्म्युला वनपर्यंत पोहोचले. दुसरा खंड बराच जाड आहे. त्यातील 2006 ची पाने मी पुन्हा पुन्हा उघडतो: त्या वर्षीचा विजेता अर्ल बॅम्बर याने 2015 मध्ये फ्रान्समधील ल मांची 24 तासांची शर्यत जिंकली आणि तिसरा आलेल्या डॅनियल रिकार्डोने फॉर्म्युला वनमध्ये आठ विजय मिळवले. लुकास आउअर विजेता ठरला त्या 2011 च्या हंगामात हीच गाडी भारताच्या पहिल्या ग्रां प्रीच्या वेळी बुद्ध सर्किटवर धावली. ते पान हाताळून हाताळून मऊ झाले होते.

काकांनी गंजलेल्या पिना एकेक करून सुरीच्या टोकाने उचलल्या, फाटलेल्या घड्यांवर पातळ कागदाच्या पट्ट्या खळीने चिकटवल्या आणि मेण लावलेल्या दोऱ्याने हाताने शिलाई केली. त्यामुळे सहाशे पानांचा खंड मध्यावर उघडला तरी टेबलावर सपाट राहतो आणि आतल्या बाजूचा मजकूर दबत नाही. पुठ्ठ्यावर गडद निळे कापड असून पाठीवरची सोनेरी अक्षरे सरळ व सुबक आहेत.

एका गोष्टीचे मात्र वाईट वाटले. कडा कापताना 2004 च्या तीन निकालपत्रकांवरील गुणांचा शेवटचा रकाना गेला, आणि त्या पत्रकांची दुसरी प्रत माझ्याकडे नाही. काकांनी चूक लगेच मान्य करून मजुरी कमी केली. तुमच्या कागदांना समास कमी असेल, तर कडा कापू नयेत असे देतानाच स्पष्ट सांगावे.

दोन्ही खंडांचे मिळून 1,100 रुपये झाले आणि बारा दिवस लागले. दुसऱ्या खंडाच्या शेवटी काकांनी आपणहून आठ कोरी पाने शिवून दिली आहेत. त्यांवर मी सध्या चालकांची सूची लिहीत आहे.